काचेचा क्लेम आणि माझ्या बाजूने बोलणारे सगळे

गाडीच्या पुढच्या काचेचा क्लेम म्हणजे इन्शुरन्समधलं सगळ्यात किरकोळ काम, असं जो तो सांगतो. फॉर्मवर सही करा, गाडी सोडून जा, संध्याकाळी घेऊन जा, संपलं. आणि ते खरंच तेवढंच असतं, जर तुम्ही मधेच थांबून असं विचारलं नाही की बाबांनो तुम्ही सगळे इतकं मनापासून माझ्या भल्याचं सांगताय तर तुम्हाला ह्यात काय मिळतं. मी कराडात एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर लोकांची बिलं बघून कुठलाही कागद हातात आला की खालून वर वाचायची सवय लागलीय, त्यामुळं मी थांबले आणि विचारलं. त्यातून जे कळत गेलं ते लिहितेय.

शेंद्रे ते कागल हायवेचं सहापदरीकरण चाललंय हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डायव्हर्जन, डंपर, रस्त्यावर सांडलेली खडी. साताऱ्याहून येताना उंब्रजच्या अलीकडं पुढच्या डंपरच्या चाकातनं एक खडा उडाला तो सरळ काचेवर. आवाज एवढा मोठा की मला वाटलं काच आत आली. तसं काही झालं नाही, डाव्या बाजूला, म्हणजे माझ्या समोर नाही, शेजारच्या सीटच्या समोर रुपयाच्या नाण्याएवढा टवका आणि त्यातून निघालेला बोटभर बारीक तडा. पुढची काच दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पडदा अशी चिकटवलेली असते म्हणून ती चुरा होऊन अंगावर येत नाही, बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड असतात त्या फुटल्या की नुसता भुगा. हे मला आधी माहिती होतं. पण ह्याच बनावटीमुळं पुढच्या काचेतला छोटा टवका न बदलता भरता येतो, हे मात्र शोरूममध्ये मला एकानंही आपणहून सांगितलं नाही.

गाडी ज्या शोरूममधून घेतली तिथंच सर्व्हिसिंग, आणि तिथूनच इन्शुरन्स, दरवर्षी. सगळं एका छताखाली, सोयीचं. तर तिथं गेले, सर्व्हिस ॲडव्हायझर बाहेर आला, काचेकडं लांबूनच बघितलं, हातसुद्धा लावला नाही, आणि म्हणाला, "मॅडम बदलायला लागणार. टेन्शन नाही, तुमचं झिरो डेप आहे ना, काच फ्री. फक्त फाईल चार्ज हजार रुपये."

आता ह्या एका वाक्यात दोन गोष्टी चुकीच्या आहेत, ते मला नंतर पॉलिसी वाचताना कळलं. एक तर काचेवर डेप्रिसिएशन, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून होणारी कपात, नसतंच (ही कपात माफ करणारं जादा पैशाचं ॲड-ऑन म्हणजे झिरो डेप), साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पण नसतं. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी ह्यांना ५० टक्के कापतात, काचेला शून्य. म्हणजे झिरो डेपमुळं काच फ्री हे बोलणंच फोल, झिरो डेपचा फायदा काचेभोवतीच्या रबरी पट्टीला झाला तर झाला, आणि वर बऱ्याच पॉलिसीत झिरो डेपचे क्लेम वर्षाला दोनच मिळतात, त्यातला एक इथं वाया. दुसरं, ते हजार रुपये म्हणजे 'फाईल चार्ज' नाही, ते कम्पल्सरी डिडक्टिबल, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० आणि त्याच्या वरच्या गाडीला २०००, प्रत्येक क्लेमला आपल्याच खिशातून. पोरगा खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. त्याला तसंच शिकवलेलं, आणि ह्या शिकवण्यात कुणाचा तरी फायदा आहे एवढंच.

मग क्लेम फॉर्म पुढं आला. कोरा. खाली पेन्सिलीने दोन फुल्या मारलेल्या, इथं आणि इथं सही करा. अपघात कसा झाला ह्याचा रकाना मोकळा, तारीख मोकळी, वेळ मोकळी. मी म्हणलं हे भरलेलं नाही. तो म्हणाला, "आम्ही भरतो ना मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, रोजचं काम आहे आमचं." आणि मग थोडं जवळ येऊन, आवाज खाली आणून, "पुढच्या बंपरला पण घासलंय बघा तुमच्या, एकाच क्लेममध्ये बसवून टाकू. दगड लागून गाडी बाजूला घेताना डिव्हायडरला घासली असं लिहू. हजारच जाणार, तेवढ्यात बंपर पण नवा."

बंपर आमच्याच सोसायटीच्या गेटला घासलेला, गणपतीच्या आधी. आणि तो फॉर्म म्हणजे माझ्या सहीचं निवेदन. त्यात खोटं निघालं तर क्लेम नाकारला जाणार माझा, रेकॉर्ड खराब होणार माझं, शोरूमची सही त्या कागदावर नसते. पण बंपर विकला जाणार त्यांचा, रंगकाम त्यांचं, लेबर त्यांचं. मी फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हणलं इस्टिमेट द्या, घरी विचारून सांगते. (घरी विचारून सांगते हे वाक्य असल्या ठिकाणी फार उपयोगी पडतं, पुढं कुणी वाद घालत नाही.)

इस्टिमेट आलं १३,८०० रुपयांचं. काच ८,९००, मोल्डिंग ९५०, सीलंट आणि प्रायमर किट १,३५०, लेबर १,९००, आणि वायपरच्या खालची प्लॅस्टिकची काउल पट्टी ७००. मी विचारलं काउल तर धड आहे. तर म्हणे काढताना क्लिपा तुटतातच मॅडम, म्हणून आधीच धरून ठेवतो, क्लेममध्येच जातंय, तुमच्या खिशातून काय जातंय? हे 'तुमच्या खिशातून काय जातंय' मी त्या काळात इतक्या जणांकडून ऐकलं की नंतर नंतर ते ऐकलं की कान टवकारायचे.

इस्टिमेट काढायला म्हणून त्यांनी पॉलिसी, आरसी, लायसन्सचे फोटो व्हॉट्सॲपवर मागून घेतले होते. मी मलकापूरपर्यंत पोचते न पोचते तोवर इन्शुरन्स कंपनीचा मेसेज, तुमचा क्लेम नोंदवला आहे, क्लेम नंबर अमुक अमुक. मी हो म्हणलंच नव्हतं! फोन केला तर, "मॅडम ते नुसतं इंटिमेशन आहे, त्यानं काही होत नाही." ह्या 'काही होत नाही'ची गंमत पुढं रिन्यूअलला आली, ती सांगते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर एनसीबीचा हिशोब मांडला. नो क्लेम बोनस. शोरूमच्या इन्शुरन्स काउंटरवरच्या मुलीला मी निघताना विचारलं होतं की क्लेम घेतला तर एनसीबी किती जाईल, तर ती म्हणाली, "थोडा फरक पडेल." थोडा किती ते बघा. एनसीबीचा जिना सगळ्या कंपन्यांचा एकच आहे, पहिलं वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०, आणि ही सूट ओन डॅमेज म्हणजे ओडी, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर, दुसऱ्याच्या नुकसानीच्या म्हणजे थर्ड पार्टीवर नाही. आणि खाली येताना एक एक पायरी नाही, एक क्लेम घेतला की सरळ तळाला, शून्य. माझा चालू होता ४५, पुढच्या वर्षी ५० होणार होता. माझा ओडी प्रीमियम सूट धरायच्या आधी साधारण ९,००० धरा. क्लेम न घेता दरवर्षी भरणार ४,५००. क्लेम घेतला तर पहिल्या वर्षी पूर्ण ९,०००, मग ७,२००, ६,७५०, ५,८५०, ४,९५० आणि मग परत ४,५००. जादाचे पैसे बेरीज करा, ११,२५०. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, दरवर्षी उतरते त्यामुळं प्रीमियम पण थोडा उतरतो, म्हणून नऊ-साडेनऊ हजार धरा. त्यात डिडक्टिबलचे १००० मिळवा. म्हणजे ती फ्री काच मला दहा हजाराच्या वर पडणार, फक्त पाच वर्षांच्या हप्त्यात आणि दुसऱ्या बिलातून, त्यामुळं कळणार पण नाही. हीच काच बाहेर चांगल्या दुकानात रोख पैसे देऊन साडेसहा हजारात बसत होती.

आणि हिशोब करता करता एक गोष्ट डोक्यात आली, ती मला झोपू देईना. शोरूमला इन्शुरन्स विकण्याचं कमिशन मिळतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०१७ साली शोरूमवाल्यांसाठी एमआयएसपी म्हणून नियमावलीच काढली, मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर. तेव्हा कारच्या ओडी प्रीमियमच्या १९.५ टक्के अशी वरची मर्यादा होती, २०२३ पासून कंपन्यांनी एकूण खर्चाच्या मर्यादेत आपापलं ठरवायचं असं झालं. पण टक्का किती का असेना, तो प्रीमियमवर असतो. म्हणजे माझा एनसीबी बुडाला की माझा ओडी प्रीमियम ४,५०० चा ९,००० होतो आणि शोरूमचं त्यावरचं कमिशनही दुप्पट होतं. काच विकण्यात नफा, बसवण्यात नफा, आणि मी क्लेम घेतल्यामुळं माझं जे नुकसान झालं त्याच्यावर परत कमिशन! मला क्लेम घ्या म्हणून सांगणारा माणूस आणि पुढच्या वर्षी मला पॉलिसी विकणारा माणूस एकाच मालकाचा पगार घेतात. असल्या माणसाला मी विचारतेय की क्लेम घेऊ का नको. काय सांगणार तो?

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या टोल फ्रीवर फोन केला, म्हणलं ह्यांचा तरी फायदा क्लेम न घेण्यात असेल. विचारलं की टवका भरून मिळतो का पॉलिसीत, रिपेअरचा खर्च तुम्ही देता का आणि तसं केलं तर एनसीबी राहतो का. पलीकडच्या मुलीनं होल्डवर टाकलं, परत आली, म्हणाली, "मॅम, आपण आपल्या जवळच्या नेटवर्क गॅरेजला भेट द्या, ते आपल्याला गाईड करतील." जवळचं नेटवर्क गॅरेज कुठलं? तेच शोरूम. फिरून भोपळे चौकात. बाकी काही कंपन्यांच्या एनसीबी प्रोटेक्ट ॲड-ऑनमध्ये काचेच्या क्लेमला एनसीबी जात नाही अशी तरतूद असते, माझ्या पॉलिसीत ते ॲड-ऑन नव्हतं, कारण पॉलिसी काढताना ते आहे हेच कुणी बोललं नव्हतं. झिरो डेप मात्र न विचारता लावलेलं.

मग दाजींना फोन लावला. माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, सांगलीकडं बरीच वर्षं मोटर सर्व्हेअर आहेत, म्हणजे क्लेममध्ये नुकसान किती झालं ते तपासणारे, लायसन्सवाले. मी म्हणलं दाजी सर्व्हेअर येऊन बघेल ना, बदलायची का भरायची ते तो तर सांगेल. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं तुझ्या काचेला कुठला सर्व्हेअर येतोय! मोटरमध्ये पन्नास हजाराच्या आतल्या क्लेमला लायसन्सवाला सर्व्हेअर लावायची सक्तीच नाही. कंपनी ॲपवर फोटो मागवते. आणि फोटो कोण काढतं, शोरूमचाच पोरगा."

म्हणजे नुकसान किती झालं ते शोरूमनं ठरवायचं, त्याचा पुरावा म्हणून फोटो शोरूमनं काढायचे, दुरुस्ती शोरूमनं करायची आणि पैसे शोरूमच्या खात्यात. कंपनीच्या ऑफिसात बसलेला कुणी तरी ते फोटो बघून ओके करतो, त्याच्या पुढं असल्या फायलींचा ढीग, तो टवका नाण्याएवढा का ताटाएवढा हे झूम करून बघत बसणार आहे का. दाजी म्हणाले मुद्दाम जवळून फोटो काढला की पाव इंचाचा तडा पण भूकंप झाल्यासारखा दिसतो.

मी म्हणलं मग सर्व्हेअर आला असता तर तो तरी निरपेक्ष असता का, त्याची फी कंपनीच देते ना? ह्यावर दाजी जरा गंभीर झाले. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. फी कंपनी देते, पुढचं काम देणारी पण कंपनीच, त्यामुळं कंपनीला फार महागात पाडणारा सर्व्हेअर कंपनीला नको असतो, आणि रोज त्याच चार गॅरेजमध्ये जायचं तर गॅरेजवाल्याशीही वाकडं घेऊन चालत नाही, चहा तिथंच प्यायचा असतो. पण निदान सर्व्हेअरला आचारसंहिता तरी आहे. ज्या गोष्टीचा सर्व्हे करतोय तिच्यात आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा काही हितसंबंध असेल तर तो त्यानं जाहीर करायचा असतो, लायसन्स जाऊ शकतं, रिपोर्टची कॉपी गिऱ्हाइकानं मागितली तर मिळते. फोटो काढणाऱ्या पोराला ह्यातलं काहीच लागू नाही. तुझ्या क्लेमचा तू त्याला कसला रिपोर्ट मागणार, असं म्हणून त्यांनी ताईला हाक मारली आणि फोन तिच्याकडं दिला, कारण ती मागून कधीची मला बोलायचंय म्हणत होती.

दाजींनी अजून एक कामाचं सांगितलं, टवक्यावर आजच्या आज पारदर्शक टेप लाव, आत पाणी आणि धूळ गेली तर नंतर कुणी भरून देणार नाही. ते लगेच केलं.

बाहेरच्या काचेच्या दुकानात गेले, म्हणलं इथं तरी सरळ असेल. दुकान मोठं, कामही चांगलं दिसत होतं, कोपऱ्यात आयएसआय मार्क असलेल्या काचा, ब्रँड तेच जे गाडी कंपन्यांना माल देतात, आसाही इंडिया, सेंट-गोबेन सेक्युरिट. मालक म्हणाला बसवून देतो की. आणि मग, "ताई, रोख कशाला देताय, क्लेमच करा, आमच्याकडं पण कॅशलेस आहे. तुमचे हजार पण नको, ते आम्ही बिलात बघून घेतो." कॅशलेस म्हणजे बिलाचे पैसे कंपनी थेट दुकानाला देते. आणि बिलात बघून घेतो म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती, माझा धंदाच तो आहे. साडेसहाची काच साडेनऊला लावायची आणि त्यातून माझे हजार माफ केल्याचं पुण्य घ्यायचं. गिऱ्हाईक खुश, दुकानदार खुश, कंपनीला फसवलं, आणि फसवणुकीच्या कागदावर सही परत गिऱ्हाइकाचीच. रोख साडेसहा म्हणणारा माणूस क्लेम म्हणल्यावर लगेच वेगळा भाव सांगतो, ह्यातच सगळं आलं.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत हार्टफर्डजवळ असते, तिला हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली आमच्याकडं ह्याच्यावर कोर्टात केस झालीय. तिकडं सेफलाइट म्हणून गाडीच्या काचा बसवणारी सगळ्यात मोठी कंपनी आहे, आणि तिच्याच ग्रुपची दुसरी कंपनी बऱ्याच विमा कंपन्यांच्या वतीनं काचेच्या क्लेमचे फोन घेते. म्हणजे तुम्ही विमा कंपनीला म्हणून फोन करायचा आणि तो उचलणार काचवाल्याच्या घरचा माणूस. कनेटिकट राज्यानं २०१३ मध्ये कायदा केला की असा फोन घेणाऱ्यानं आपल्या ग्रुपच्या दुकानाचं नाव सुचवायचं असेल तर त्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानाचंही नाव सांगायचं. सेफलाइट त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि २०१४ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा मान्य करून कंपनीच्या बाजूने कौल दिला. मला त्यात कोर्टापेक्षा एका गोष्टीचं जास्त वाटलं, तिथं निदान कुणाला तरी हे टोचलं, कायदा करावासा वाटला. आपल्याकडं शोरूमनं एकाच टेबलावर तिन्ही कामं केली तर आपण त्याला 'वन स्टॉप' म्हणून चांगला रिव्ह्यू देतो.

शेवटी काच भरून देणारा माणूस आमच्याच ऑफिसातल्या एका ड्रायव्हरनं सांगितला. कोल्हापूर नाक्याच्या बाजूला एक चाचा आहेत, सीट कव्हर आणि काचेचं काम करतात. त्यांनी आधी बोट फिरवलं, मग नखानं तडा चाचपला, खिशातलं नाणं काढून टवक्यावर ठेवलं. म्हणाले, बेटा, नाण्याच्या आत आहे, तडा कडेपर्यंत गेला नाही, ड्रायव्हरच्या समोर नाही, तर होऊन जाईल. कडेला लागला असता तर मी हात लावला नसता, चार दिवसात पूर्ण काच गेली असती आणि तू माझ्या नावानं बोंब मारली असतीस. डाग थोडा दिसणार, हे आधीच सांगतो.

मी तिथंच स्टूल टाकून बसले. गाडी शेडच्या आत घेतली, वर कापड टाकलं, कारण ते रेझिन उन्हानंच घट्ट होतं, आत जिरायच्या आधी घट्ट झालं तर काम गेलं. टेप काढून टवक्यातली बारीक कच सुईनं टोकरून काढली. मग काचेला आतून-बाहेरून पुसून चार पायांचं एक छोटं अवजार रबराच्या चोषकांनी चिकटवलं, त्याच्या मधल्या नळीतून आधी हवा ओढून घेतली, मग रेझिन दाबलं, परत हवा ओढली, परत दाबलं. तडा आधी पांढरा दिसत होता तो रेझिन शिरेल तसा टोकाकडून नाहीसा होत गेला. मग निळ्या उजेडाचा दिवा धरला, वरून एक थेंब घट्ट रेझिनचा, परत दिवा, आणि ब्लेड आडवं धरून खरवडून सपाट. बाराशे रुपये घेतले. मी बिल मागितलं तर वहीच्या कागदावर लिहून दिलं, शिक्का मारून.

आता चाचांचा पण धंदा भरण्याचाच आहे, बदलण्याचा नाही, तेव्हा तेही आपल्या बाजूनंच बोलणार, हे मला कळतं. फरक एवढाच की त्यांनी कुठं थांबतो ते आधी सांगितलं आणि ते नाण्यानं मोजून दाखवलं, जे मला स्वतःला तपासता आलं. आणि बदलणं वाईट असंही नाही. काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते, शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेवर टेकून फुगते, त्यामुळं बदलायची वेळ आली तर सीलंट चांगलं, प्रायमर लावलेलं आणि घट्ट व्हायला पुरेसे तास दिलेले असलेच पाहिजेत, रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात बसवून देणाऱ्याकडं मी जाणार नाही. आणि ज्या गाड्यांना आरशामागं कॅमेरा असतो त्यांची काच बदलली की कॅमेरा परत कॅलिब्रेट करायला, म्हणजे त्याचा नेम जुळवायला लागतो, तिथं शोरूमचं पारडं जड, खर्चही मोठा, तिथं क्लेम घेणंच परवडतं.

राहिला तो न विचारता नोंदवलेला क्लेम. मी कंपनीला मेल केला की हा क्लेम मी नोंदवलेला नाही, दुरुस्ती स्वखर्चानं केलीय, क्लेम मागे घेतेय, लेखी कळवा. उत्तर आलं की आपली विनंती संबंधित विभागाकडं पाठवली आहे. परत मेल. परत तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. मग त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल टाकला आणि त्यात लिहिलं की उत्तर नाही आलं तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकते, १५५२५५ वर पण फोन करते, आणि तिथंही नाही झालं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाते. ह्या ओळीनं जादू झाली, क्लेम पेमेंट न होता बंद केल्याचं पत्र पीडीएफमध्ये आलं.

आणि बरं झालं ते घेऊन ठेवलं. रिन्यूअलच्या वेळी शोरूमच्या त्या मुलीनं कोटेशन पाठवलं त्यात एनसीबी शून्य! मी विचारलं तर म्हणे सिस्टीममध्ये क्लेम दिसतोय मॅडम. तोच क्लेम, जो 'नुसतं इंटिमेशन' होता आणि ज्यानं 'काही होत नाही'. पत्र पाठवल्यावर ५० टक्के लागला. चूक मुद्दाम केली असं मी म्हणणार नाही, पण चूक नेमकी त्यांचं कमिशन वाढेल त्याच बाजूला कशी होते हा हिशोबाच्या माणसाला पडणारा प्रश्न आहे. मग मी पॉलिसी त्यांच्याकडून घेतलीच नाही, दुसऱ्या कंपनीची थेट घेतली, एनसीबी गाडीमालकाचा असतो, कंपनी बदलली तरी सोबत येतो. तर फोन, "मॅडम बाहेरून घेतली तर इथं कॅशलेस मिळणार नाही." मी नव्या कंपनीची गॅरेजची यादी उघडून बघितली, त्यात हेच शोरूम. कॅशलेस हा कंपनी आणि गॅरेजमधला करार असतो, पॉलिसी कुणी विकली ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. तसं सांगितल्यावर, "हो का, बघावं लागेल," म्हणून फोन ठेवला.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकाची काच गेली, त्याच्या गाडीला कॅमेरा आहे, तडा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, इस्टिमेट अडतीस हजार आणि एनसीबी फक्त २० टक्के. हिशोब करून मीच त्याला म्हणलं तू क्लेम घे. फॉर्म मात्र आपल्या टेबलावर बसून भर, कारण, तारीख, जागा तुझ्या अक्षरात, आणि मोकळ्या रकान्यात आडव्या रेघा मारून मग सही कर, भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेव, इस्टिमेटमधली ओळ न् ओळ विचार, जुनी काच आणि काढलेले पार्ट बघायला माग. त्यानं सगळं तसं केलं, क्लेम पण नीट पास झाला. काउल पट्टी इस्टिमेटमध्ये होती, विचारल्यावर निघाली. फोटो काढायला मात्र शोरूमचाच पोरगा आला होता.